बैठकीची व्यवस्था

आयुष्यात मी फारशा मोठ्या खरेद्या केल्या नाहीत, आणि ज्या केल्या त्या निमूटपणे केल्या. स्कूटर घेतली ती नंबर लावून. वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर जो रंग पदरात पडला तोच आपला लहानपणापासूनचा आवडता रंग, असे चारचौघांत सांगत सुटलो. फ्लॅट घेतला तो बँकेने जेवढे कर्ज दिले तेवढ्याच लांबीरुंदीचा. लग्नसुद्धा... पण ते राहू द्या, माझे लेख आमच्या घरातही वाचले जातात. सांगायचा मुद्दा, चार वस्तू समोर मांडून त्यातली एक निवडणे हा प्रकार माझ्या वाट्याला कधी आलाच नव्हता. तो आला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. आणि निवड करायची होती कशाची, तर सव्वादोन वर्षांच्या नातीला ‘शी’ला बसवायच्या भांड्याची!

तुम्ही नाक मुरडलेत. मुरडा. मीही आधी मुरडले होते. पण हा विषय असा आहे की त्यातून राव सुटला नाही आणि रंकही सुटला नाही. चांगली माणसे त्यावर बोलत नाहीत एवढेच.

त्याचे असे झाले. चिऊला जूनपासून प्लेग्रुपमध्ये घालायचे ठरले. प्लेग्रुप म्हणजे आमच्या लहानपणी ज्याला ‘अंगणात खेळणे’ म्हणत तेच. फक्त अंगणाला फी नव्हती. त्या प्लेग्रुपचा चार पानी फॉर्म चिरंजीवांनी मार्चमध्येच आणून टेबलावर ठेवला. मुलाचे नाव, रक्तगट, आईचे शिक्षण, वडिलांचे शिक्षण... दुसऱ्या पानापर्यंत आमचे घराणे ताठ मानेने उभे होते. तिसऱ्या पानावर प्रश्न आला : ‘मूल टॉयलेट ट्रेन्ड आहे काय? होय / नाही.’

एम.टेक. झालेला बाप, एम.बी.ए. झालेली आई आणि छत्तीस वर्षे सरकारी नोकरीत दुसऱ्यांचे फॉर्म तपासलेला आजोबा असे तिघेही त्या एका चौकोनापुढे थबकलो. चिऊ त्या वेळी हॉलच्या पडद्यामागे उभी होती. एका हाताने पडदा घट्ट धरलेला, चेहरा गंभीर, नजर शून्यात. अशी मुद्रा मी फक्त मोठ्या गवयांच्या चेहऱ्यावर, समेवर येण्याच्या जरा आधी पाहिली आहे. मग सम आली. पडद्यामागून आवाज आला, “आई, झायी.”

“तिला कळतंय बघा बाबा!” सूनबाई आनंदाने म्हणाली. “आडोशाला जाते, झाल्यावर सांगते. ही तयारीचीच लक्षणं आहेत.”

“झाल्यावर सांगण्याला तयारी म्हणत नाहीत,” ही म्हणाली. “त्याला बातमी म्हणतात.”

त्या रात्री जेवणानंतर आमच्याकडे गोलमेज परिषद भरली. विषय : चिऊसाठी काय आणायचे?

पहिले मत आईने दिले. आई म्हणजे माझी आई, वय अठ्ठ्याऐंशी. आपल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून ती बसली होती. “त्यात आणायचं काय?” ती म्हणाली. “पाय आहेत ना सगळ्यांना दोन-दोन?”

नव्या पिढीला याचा अर्थ कळणार नाही म्हणून सांगतो. आमच्या लहानपणी पेठेतल्या वाड्यात संडास म्हणजे मागच्या अंगाला, अंधारा आणि भाडेकरूंच्या रांगेचा. टमरेल घेऊन त्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी सहनशीलता येई ती कुठल्याही योगवर्गात शिकवता येणार नाही. (आणि ते संडास ज्यांना डोक्यावरून साफ करावे लागत, त्यांची आठवण झाली की या विषयावर विनोद करण्याचीच लाज वाटते. ती प्रथा बंद करायला १९९३ साली एक कायदा करावा लागला आणि २०१३ साली पुन्हा दुसरा.) तिथे लहान मुलांना न्यायचा प्रश्नच नव्हता. मग आई किंवा आजी मोरीच्या कडेला पाटावर बसे, पाय समोर पसरून जरा फाकवी आणि बाळाला आपल्या पावलांवर बसवी. बाळाची पाठ आईच्या नडगीला टेकलेली. मग तोंडाने ‘शूऽऽ शूऽऽ’ अशी बारीक शीळ. मूल जेमतेम मान धरायला लागले की हा शिकवणीचा वर्ग सुरू होई. फर्निचर आईच्या अंगचेच असल्यामुळे निवडीचा प्रश्न नव्हता.

“पाच मुलं बसवली मी या पायांवर,” आई म्हणाली. “हा सगळ्यांत उशिरा शिकला.”

हे वाक्य तिने माझ्याकडे बोट दाखवून, सूनबाईसमोर म्हटले. या वयात माणसाची अब्रू कुठल्या बाजूने जाईल सांगता येत नाही.

“आता गुडघे राहिले नाहीत,” असे म्हणून आईने आपल्या पायांकडे पाहिले आणि ती गप्प झाली.

दुसरे मत सूनबाईचे. ती प्रत्येक गोष्ट वाचून मगच करते. तिने सांगितले की अमेरिकेत ब्रेझल्टन नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९६२ साली ११७० मुलांची माहिती छापली. मूल स्वतः तयार होईपर्यंत थांबायचे, जबरदस्ती करायची नाही, ही त्याची पद्धत. ती मुले दिवसा कोरडी राहायला शिकली सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांची असताना. “म्हणजे चिऊला अजून दीड महिना आहे,” असा तिने हिशेब मांडला.

“तो डॉक्टर म्हणेल थांबा,” ही म्हणाली. “त्याच्याकडे दुपटी कोण धूत होतं?”

यावर सूनबाईने मान्य केले की आता दुपटी कोणीच धूत नाही, आणि अडचण तीच आहे. वापरून फेकायचे डायपर अमेरिकेच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर आले ते १९६१ च्या सुमारास, म्हणजे ब्रेझल्टनसाहेबांच्या लेखाच्या तोंडावरच. हल्लीचे डायपर तर इतके कोरडे राहतात, की आपण काही केले आहे याचा मुलाला पत्ताच लागत नाही. आमचा लंगोट दोन मिनिटांत गार पडून सगळी हकिगत सांगत असे.

चिरंजीवांचे मत त्यांच्या मोबाइलचे असते. त्यांनी माहिती पुरवली की अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात अडीच हजार वर्षांहून जुनी मातीची बालखुर्ची आहे. मुलाने आत बसायचे आणि समोरच्या भोकांतून पाय बाहेर काढायचे. म्हणजे सॉक्रेटिसच्या आईलासुद्धा हीच काळजी असणार. पुढे त्यांनी फ्रॉइड काढला. लहानपणी याबाबतीत फार अडून बसणारे मूल मोठेपणी अतिनीटनेटके, काटकसरी आणि हट्टी होते, अशा अर्थाचे त्याने १९०८ साली लिहून ठेवले आहे म्हणे. हे तिन्ही गुण एकाच माणसात एकवटलेले मी आमच्या पेठेत दर दोन घरांआड पाहत आलो. फ्रॉइड व्हिएन्नाचा होता की आमच्याच आळीतला, अशी शंका येते.

शेवटी ठराव झाला : आधी भांडे आणावे. आणण्याची जबाबदारी निवृत्त माणसाची, म्हणजे माझी.

मी आणि ही तुळशीबागेत गेलो. तुळशीबागेत सुईपासून देवाच्या मुकुटापर्यंत सगळे मिळते हे मी ऐकून होतो, पण ‘ते’ कोणत्या शब्दांत मागायचे हे कळेना. शेजारी दोन बायका हळदीकुंकवाचे करंडे पाहत होत्या. मी हळूच म्हणालो, “अहो, लहान मुलांचं ते... बसायचं असतं ना...”

“पाळणा?” दुकानदार म्हणाला.

“नाही. बसायचं.”

“झोपाळा?”

“पॉट हवाय हो, पॉट! शी करायचा!” हिने अख्ख्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. करंडेवाल्या बायका दोन पावले मागे सरकल्या. दुकानदाराने माळ्यावरून एक गुलाबी भांडे खाली टाकले आणि ते किती मजबूत आहे हे दाखवायला तो स्वतः त्यावर उभा राहिला. दुकानदार चांगला ऐंशी किलोचा असावा. भांड्याला काही झाले नाही, पण नंतर ते विकत घेण्याची माझी इच्छा राहिली नाही.

मग एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे अंगभर टाय लावलेल्या एका पोराने मला चार प्रकार दाखवले. एक साधे भांडे. दुसरी पाठ-हात असलेली छोटी खुर्ची, आतले भांडे काढून धुता येणारी. तिसरे मोठ्यांच्या कमोडवर ठेवायचे कडे, त्याला चढायला शिडी. चौथी प्रवासात न्यायची घडीची. मुलग्यांसाठी भिंतीला चिकटवायचा एक हिरवा बेडूकही होता, आ वासलेला. तो बेडूक पाहून मला त्याच्याबद्दलच वाईट वाटले.

“एर्गोनॉमिक आहे सर,” पोरगा म्हणाला. एर्गोनॉमिक म्हणजे काय, ते मी घरी आल्यावर सूनबाईकडून समजून घेतले. ते तुम्हालाही सांगून ठेवतो, कारण नातवंडे कुणालाही होऊ शकतात. मुलाचे तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा जरा वर आले पाहिजेत. म्हणजे जोर नीट लागतो. पाय अधांतरी लोंबले तर मूल नुसते बसते, काम होत नाही. बूड रुंद हवे (भांड्याचे), म्हणजे कलंडत नाही. पुढे उंच कड असेल तर ती मुलग्यांना लागते. कमोडवरचे कडे घेतले तर पायाखाली भक्कम स्टूल हवेच. थोडक्यात, आई पाटावर बसून आपल्या पावलांवर जे करत होती तेच सगळे. फक्त तिला एर्गोनॉमिक म्हणायचे ठाऊक नव्हते.

शेवटी आम्ही बदक घेतले. पिवळे बदक, दोन्ही पंख धरायला, आणि पोटात संगीत. भांड्याच्या तळाशी धातूचे दोन ठिपके असतात. त्यांच्यावर पाणी पडले की विजेचे मंडल पुरे होते आणि ‘हॅपी बर्थडे’ची धून वाजू लागते. मुलाच्या कर्तबगारीला तात्काळ दाद! छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एकाही कामाला अशी दाद मिळाली नव्हती. मी पैसे मोजले.

पहिल्या दिवशी चिऊने बदकाला बिस्किट भरवले. दुसऱ्या दिवशी ते डोक्यावर घालून घरभर फिरली. तिसऱ्या दिवशी तिला त्या ठिपक्यांचा शोध लागला, आणि त्यानंतर बदकात पाणी, ताक, वरण आणि एकदा माझा चहा असे जे जे पातळ सापडेल ते ओतून ती समोर टाळ्या वाजवत बसे. बदक रात्रंदिवस वाढदिवस साजरे करू लागले. मूळ कार्य तेवढे पडद्यामागेच चालू राहिले.

पण आठ-दहा दिवसांत सकाळी दूध प्यायल्यावर ती बदकावर बसू लागली. (ही वेळही सूनबाईने शास्त्र पाहून ठरवलेली. पोटात अन्न गेले की मोठे आतडे हालचाल करू लागते, म्हणून खाल्ल्यानंतरची पाच-दहा मिनिटे साधायची.) दोनतीनदा धून खरोखरीच्या कारणाने वाजली. आम्ही पाचही जण बदकाभोवती उभे राहून टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरच्या रविवारी माझ्या पुतण्याच्या मुलाचा पहिला वाढदिवस होता. हॉल भरलेला, केक आलेला, मेणबत्ती लागलेली. पन्नास माणसांनी एकदम ‘हॅपी बर्थडे’ सुरू केले. चिऊ माझ्या कडेवर होती. तिच्या चेहऱ्यावर ती गवयाची मुद्रा आली. मला काही सुचण्याच्या आत सम आली आणि माझा नवा कुडता उजव्या बाजूने खालपर्यंत भिजला.

पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने हेच कुत्र्यांवर करून दाखवले होते. अन्नाआधी रोज एक आवाज ऐकवला की पुढे नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. त्याला १९०४ साली नोबेल मिळाले ते पचनाच्या अभ्यासाबद्दल. आम्हाला कुणी काही दिले नाही. यजमानीणबाईंनी फरशी पुसायचे फडके दिले.

त्याच संध्याकाळी चिरंजीवांनी बदकाचे सेल काढले. बदक मुके झाले आणि चिऊने त्याच्यावर बसणे बंद केले.

मग बाहुली आली. १९७४ साली दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एका दिवसाच्या आत ही विद्या शिकवण्याचे पुस्तक लिहिले, त्यात पाणी पाजले की शू करणारी बाहुली वापरतात. मुलाने बाहुलीला शिकवायचे आणि शिकवता शिकवता स्वतः शिकायचे. चिऊने बाहुलीला उत्तम शिकवले. दोन दिवसांत बाहुली पूर्ण तयार झाली. चिऊ होती तशीच राहिली. मे महिना लागला होता आणि फॉर्मवरचा चौकोन कोराच होता.

आता इथे मला दुसऱ्या एका खरेदीबद्दल सांगितले पाहिजे. ती मी जानेवारीतच केली होती.

जानेवारीत आई रात्री उठून संडासकडे जाताना पडली. नशिबाने मनगटावरच निभावले. डॉक्टर म्हणाले, “पुन्हा पडल्या तर खुब्याचं हाड जाईल. रात्री पलंगाजवळच सोय करा.” मी सरळ औषधांच्या दुकानात गेलो. स्टीलचे पाय, पांढरी बैठक, खाली सरकवायचे भांडे, वर झाकण अशी कमोडची खुर्ची घेतली. दहा मिनिटे लागली. रिक्षात घालून आणली आणि आईच्या पलंगाशेजारी मांडली.

आईने तिच्याकडे एकदा पाहिले. “हे काय?”

“तुझ्यासाठी. रात्री उठून लांब जायला नको.”

“खोलीत?” तिने एवढेच विचारले. ज्या खोलीत तिचे देव होते, तिथे. मग ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर धुतलेल्या साड्यांच्या घड्या होत्या. आठवडाभराने त्यावर जुनी शाल अशी पसरली होती की नवख्या माणसाला ते टेबलच वाटावे. आणि रात्री दोन वाजता भिंतीला धरून चालल्याचा आवाज येतच होता. मी रागावलो. समजावून सांगितले, डॉक्टरांचे नाव सांगितले, “आता लाज कसली धरायची या वयात?” असेही म्हणालो. ती म्हणाली, “मला अजून चालता येतं.” आम्ही रात्री पाळीपाळीने कान उघडे ठेवून झोपत असू.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी सूनबाई शांतपणे मला सांगत होती, “बाबा, चिऊला ‘आता लाज कसली’ असं नका म्हणू. डॉक्टर म्हणतात, घाई करायची नाही, रागवायचं नाही, चारचौघांत बोलायचं नाही. भांडं कुठं ठेवायचं तेसुद्धा तिलाच विचारायचं. त्यांची त्यांना तयारी झाली पाहिजे.”

मी मान डोलावली आणि सहज आईच्या खोलीकडे माझी नजर गेली. शाल पांघरलेले ते टेबल तिथे उभे होते. सव्वादोन वर्षांच्या माणसाला कोणता रंग आवडेल म्हणून मी अर्धे पुणे पालथे घातले होते. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला मी काय विचारले होते? खुर्ची हवी का, विचारले नव्हते. कुठे ठेवू, विचारले नव्हते. तिच्या देवांसमोर आणून ठेवली आणि वर रागावलो. ज्या बाईने मला, सर्वांत उशिरा शिकणाऱ्याला, आपल्या पावलांवर बसवून घेतले होते, तिला!

मी आत गेलो. “आई, ही खुर्ची इथं नको का?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाल्कनीकडच्या कोपऱ्यात चालेल. आणि मध्ये पडदा लाव. जाड.”

मी दुसऱ्या दिवशीच पडदा लावला. आईने शाल काढून घेतली, पण बसली मात्र नाही. मीही काही म्हणालो नाही.

पडदा म्हटल्यावर चिऊ तिथे जाणारच. तिसऱ्या दिवशी तिने पडदा बाजूला करून ती खुर्ची पाहिली, झाकण उघडले, खालचे भांडे पाहिले. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. धावत जाऊन तिने आपले मुके बदक फरफटत आणले आणि त्या खुर्चीशेजारी बरोबर मांडले.

“पंजी, ही तुजी पोती?”

“हो बाई, माझीच.”

“बश.”

आई हसली. “अगं, तू बस. मी आपली...”

“नाई. पंजी बश. मी पन बशते.”

आईने दाराकडे पाहिले. मी आणि ही तिथे उभे होतो. “जा रे तुम्ही,” ती म्हणाली. “पोरीला शिकवते जरा. तुमच्यानं काही व्हायचं नाही.”

आम्ही बाहेर आलो. आईने आतून पडदा ओढून घेतला. थोड्या वेळाने आतून एक आवाज येऊ लागला. साठ वर्षांत मी तो ऐकला नव्हता, पण ऐकताक्षणी माझ्या अंगाने तो ओळखला : ‘शूऽऽ शूऽऽ...’ दात पडल्यामुळे शीळ जरा फाटली होती, सूर तोच होता. खोटे कशाला सांगू, मलासुद्धा उठून जावे लागले. पावलोव्हचे काही चुकले नव्हते.

मी परत आलो तेव्हा पडदा सरकला होता. आई काठी टेकत, चिऊचे बोट धरून बाहेर येत होती. दोघींचे चेहरे तेजस्वी दिसत होते.

“झालं!” आई म्हणाली.

“कुणाचं?” मी विचारले.

“दोघींचं,” आई म्हणाली आणि हात धुवायला गेली.

त्यानंतर रोज सकाळी दूध पिऊन झाले की चिऊ ‘पंजी, चय’ म्हणून आईला घेऊन जाई. दोघींचा तो वर्ग पंधरा-वीस मिनिटे चाले. आत काय गप्पा होत ते आम्हाला कधीच कळले नाही. मधूनमधून हसणे ऐकू येई. मधूनच एखादा दिवस चुके, आणि मग आई आम्हाला दटावी, “कुणी काही बोलू नका तिला. होतं असं.” सूनबाईने जे वाचून शिकले होते ते आईला आधीपासून येतच होते. मलाच तेवढे दोघींकडून शिकावे लागले. सर्वांत उशिरा शिकण्याची माझी परंपरा मी मोडली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चिरंजीवांनी फॉर्मवरच्या ‘होय’ला गोल केला. सही करताना त्यांचा हात थरथरत होता, एम.टेक.च्या निकालाच्या वेळी तो थरथरला नव्हता.

आता चिऊ प्लेग्रुपला जाते. बदक तिने कधीच सोडून दिले. कमोडवर कडे ठेवून, स्टुलावर पाय टेकून ती मोठ्या माणसासारखी बसते आणि आम्हाला बाहेर घालवून दार लावून घ्यायला सांगते. बदक हिने धुऊन, तळाला भोके पाडून त्यात कढीपत्ता लावला आहे. रोप छान आले आहे. मी अजून ती पाने घातलेली आमटी खाल्लेली नाही.

खुर्ची मात्र आहे तिथेच आहे, जाड पडद्यामागे. परवा रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली. भिंतीला धरून चालल्याचा आवाज नव्हता. आईच्या खोलीत पडदा सरकल्याचा, मग झाकण लावल्याचा आवाज आला. सकाळी चहाच्या वेळी आईने माझ्याकडे पाहिले. मी ऐकले असणार हे तिच्या लक्षात आले होते.

“चिऊसाठी हो,” ती म्हणाली. “सवय ठेवावी लागते. पोर आहे, विसरली तर?”

चिऊ त्या वेळी समोरच बसली होती आणि बिस्किट चहात बुडवत होती.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “सवय मोडता कामा नये.”